‘स्थळ’ आणि माणूस : जोडीदाराच्या निवडीचे मानसशास्त्र

मराठीत लग्नाच्या मुलाला किंवा मुलीला ‘स्थळ’ म्हणतात. स्थळ सांगून येते, स्थळ पाहायला जातात, चांगले स्थळ हातचे जाऊ देऊ नये असे वडीलधारे बजावतात. माणसाला ठिकाण म्हणण्याची ही रीत मोठी बोलकी आहे. ज्याच्याबरोबर जन्म काढायचा तो माणूस कसा आहे हे नंतर. तो कुठे उभा आहे, कोणत्या घरात, कोणत्या कुळात, कोणत्या जातीत, हे आधी. भाषेने हे प्रामाणिकपणे सांगून टाकले आहे. ‘सोयरीक’, ‘बेटीव्यवहार’, ‘तोलामोलाचे घर’ हे शब्दही त्याच गोतावळ्यातले. ह्या शब्दांत घरे आहेत, व्यवहार आहे, तोल आहे, मोल आहे. दोन माणसे मात्र कुठेच नाहीत.

मी महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवतो. सामाजिक मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात आकर्षणावर एक प्रकरण असते. माणसे एकमेकांना का आवडतात, जोडीदार कसा निवडतात, प्रेम म्हणजे काय, असे त्याचे विषय. एरवी डुलक्या घेणारी शेवटच्या बाकावरची मुलेही ह्या प्रकरणाला ताठ बसतात. पण दर वर्षी कोणीतरी एक प्रश्न विचारतो : ‘सर, हे सगळे अमेरिकेतले झाले. आपल्याकडे निवडतो कोण?’ प्रश्न रास्त आहे. परंतु तो अर्धा आहे. अमेरिकेतला माणूस तरी मोकळ्या मैदानात निवडतो काय, हा त्याचा दुसरा अर्धा भाग. ह्या दोन्ही अर्ध्यांना धरून, गेल्या नव्वद-पंचाण्णव वर्षांत झालेले काही अभ्यास मी येथे मांडणार आहे. आपल्या चळवळीला ह्या संशोधनाची गरज आहे, असे माझे मत आहे. कारण ‘सारखे सारख्याकडे जाते, हा निसर्गच आहे’ असे म्हणून जातिव्यवस्थेला मानसशास्त्राची साक्ष काढणारे विद्वान आपल्यातही कमी नाहीत.

सुरुवात अगदी साध्या गोष्टीपासून होते : अंतर. जेम्स बोसार्ड ह्या समाजशास्त्रज्ञाने १९३१ साली फिलाडेल्फिया शहरात निघालेले पाच हजार विवाह-परवाने तपासले आणि १९३२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. लग्न करणाऱ्या जोडप्यांपैकी सुमारे एक तृतीयांश जोडपी लग्नाआधी एकमेकांपासून पाच गल्ल्यांच्या आत राहत होती. जन्मोजन्मीच्या गाठी वगैरे जे काही असते ते बहुधा पाच गल्ल्यांच्या आतच बांधलेले असते! पुढे १९५० मध्ये फेस्टिंजर, शाख्टर आणि बॅक ह्या तिघांनी एम. आय. टी. ह्या संस्थेच्या विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीचा अभ्यास छापला. तेथे घरे निवडून मिळत नव्हती, रिकामी होतील तशी वाटली जात. एका मजल्यावर राहणाऱ्यांत शेजारच्या दाराशी मैत्री होण्याचे प्रमाण ४१ टक्के, तर मजल्याच्या दुसऱ्या टोकाशी १० टक्के. अंतर ते किती? थोड्या पावलांचे. पण तेवढ्याने मैत्री ठरली.

आता हा नियम घेऊन आपल्या गावात या. गावकुसाबाहेरची वस्ती, वेगळा पाणवठा, वेगळे स्मशान. ज्यांनी ही रचना केली त्यांनी बोसार्ड वाचला नव्हता. पण शेजार म्हणजे सहवास, सहवास म्हणजे जवळीक, आणि जवळीक म्हणजे सोयरिकीचा धोका, हे त्यांना पक्के माहीत होते. फिलाडेल्फियात जे अंतर भाडे, नोकरी आणि वर्ण ह्यांनी पडले, ते येथे शास्त्राज्ञेने पाडले गेले. पाठ्यपुस्तकात ‘सान्निध्य’ हा आकर्षणाचा पहिला घटक म्हणून येतो आणि दोन पानांत संपतो. आपल्यासाठी ती दोन पाने सगळ्या पुस्तकाइतकी मोठी आहेत.

सान्निध्य काम कसे करते? रॉबर्ट झायन्स ह्यांनी १९६८ मध्ये दाखवले की एखादी गोष्ट नुसती वारंवार समोर आली तरी ती आवडू लागते. मग ती निरर्थक अक्षरे असोत की अनोळखी चेहरे. १९९२ मध्ये मोरलंड आणि बीच ह्यांनी हे प्रत्यक्ष वर्गात तपासले. दिसायला साधारण सारख्या चार तरुणी निवडल्या. एक सत्रभरात एकदाही वर्गात गेली नाही, दुसरी पाच वेळा, तिसरी दहा, चौथी पंधरा वेळा. कोणीही कोणाशी बोलायचे नाही, नुसते येऊन बसायचे. सत्र संपल्यावर विद्यार्थ्यांना चौघींची चित्रे दाखवली. जी जास्त वेळा आली होती ती विद्यार्थ्यांना अधिक आकर्षक वाटली, जरी बहुतेकांना तिला पाहिल्याचे आठवतही नव्हते.

येथे कोणी म्हणेल, मग खेड्यात तर आम्ही एकमेकांना शतकानुशतके रोज पाहत आलो. पाटलाच्या वाड्यावर लाकडे फोडणारा, मेलेले ढोर ओढणारा, दारात भाकरी मागायला उभा राहणारा माणूस रोजच दिसत होता. जवळीक का झाली नाही? ह्याचे उत्तर गॉर्डन ऑलपोर्ट ह्यांनी १९५४ च्या पूर्वग्रहावरील ग्रंथात दिले आहे. नुसत्या संपर्काने पूर्वग्रह जात नाही. संपर्कात दोघांचा दर्जा समान हवा, काम एकत्र आणि एका उद्दिष्टाचे हवे, आणि कायदा, रूढी, अधिकारी ह्यांचा त्याला पाठिंबा हवा. मालक आणि वेठबिगार ह्यांचा संपर्क पूर्वग्रह घट्टच करतो, कारण रोजचे दृश्यच विषमतेचा पुरावा होऊन बसते. म्हणून वर्ग, वसतिगृह, ग्रंथालय, शिबिर ह्या जागांचे महत्त्व. तेथे निदान कागदावर तरी दर्जा समान असतो. कागदावर, असे मी मुद्दाम म्हणतो. हजेरीपटावर आडनाव असते, शिष्यवृत्तीची यादी फलकावर लागते, आणि पहिल्या आठवड्यातच ‘पूर्ण नाव काय?’ हा प्रश्न विचारला जातो. पहिले नाव पुरत नाही. आडनाव कळले की समोरच्या चेहऱ्यावर काय होते ते आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिले आहे. मानसशास्त्राच्या कोणत्याही प्रयोगशाळेत ते मोजलेले माझ्या पाहण्यात नाही. पण मोजण्यासारखे नक्की आहे.

त्यानंतरचा घटक साम्य. हाच सर्वांत जास्त गैरवापर झालेला. डॉन बर्न ह्यांनी १९६१ पासून प्रयोगांची मालिका केली. विद्यार्थ्यांकडून निरनिराळ्या विषयांवरील मते लिहून घ्यायची. मग कोणा अनोळखी माणसाची म्हणून एक भरलेली प्रश्नावली दाखवायची. ही प्रश्नावली खरे तर संशोधकानेच रचलेली असे, कोणाला जुळणारी, कोणाला न जुळणारी. जितकी मते जुळत तितका तो न पाहिलेला माणूस आवडे. ह्यावरून ‘सारखे सारख्याला आवडते’ हे सूत्र झाले, आणि आपल्याकडच्या लोकांनी ते आनंदाने उचलले. आम्ही म्हणतच होतो, जातीत लग्न केले की संस्कार जुळतात!

पण बर्न ह्यांनी काय जुळवले होते ते नीट पाहावे. मते. देव आहे की नाही, युद्ध बरे की वाईट, असले विषय. जन्म नव्हे. एका जातीतल्या दोन तरुणांची मते जुळतातच असे ज्याला वाटते त्याने कोणत्याही जातीच्या घरात बाप आणि लेक ह्यांचे संभाषण ऐकावे. शिवाय २००८ मध्ये मोंटोया, हॉर्टन आणि किर्शनर ह्यांनी शेकडो अभ्यास एकत्र करून जे दाखवले ते आणखी मोलाचे आहे. माणसे प्रत्यक्ष नात्यात आली की खरोखरीचे साम्य फारसा परिणाम करत नाही. ‘आपण सारखे आहोत’ असे वाटणे मात्र परिणाम करते. म्हणजे साम्य हे बरेचसे मानण्यावर आहे. आणि कोणाला आपल्यासारखे मानायचे, कोणाला नाही, हे लहानपणी घरात शिकवले जाते. ‘ते आपल्यातले नाहीत’ हे वाक्य मूल भाकरीबरोबर गिळते. मोठेपणी त्याला तो निसर्ग वाटतो.

रॉबर्ट विंच ह्यांचा १९५८ चा जोडीदार-निवडीवरील ग्रंथ बऱ्याच अंशी जुना झाला; परस्परपूरक गरजांचा त्यांचा सिद्धान्त पुढच्या तपासण्यांत टिकला नाही. पण त्यांची एक कल्पना मी विद्यार्थ्यांना आवर्जून सांगतो. माणूस सगळ्या जगातून निवडत नाही. वंश, धर्म, वर्ग ह्यांनी आधी एक वर्तुळ आखलेले असते, ‘चालण्यासारख्यां’चे वर्तुळ, व्यक्तीची आवडनिवड त्याच्या आत सुरू होते. आकर्षणाचे मानसशास्त्र बहुतेक वेळा ह्या वर्तुळाच्या आत काय घडते ते मोजते आणि वर्तुळ कोणी आखले ह्याबद्दल गप्प बसते. एखाद्या कोंडवाड्यातली गुरे एकमेकांजवळ उभी राहतात म्हणून त्यांना एकमेकांची ओढ आहे असे म्हणावे, तसे हे झाले.

अमेरिकेत कुंपण कायद्याचेही होते. १९६७ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने लव्हिंग विरुद्ध व्हर्जिनिया ह्या खटल्यात गोऱ्या-काळ्यांच्या विवाहावरील बंदी रद्द केली, तेव्हा सोळा राज्यांत असे कायदे होते. गॅलप संस्थेने १९५८ मध्ये विचारले तेव्हा अशा विवाहाला मान्यता देणारे अमेरिकन फक्त ४ टक्के. २०२१ मध्ये ९४ टक्के. वंशाची नावड निसर्गाची असती तर एका माणसाच्या आयुष्याएवढ्या काळात ती अशी उलटली नसती. अर्थात मान्यता देणे आणि प्रत्यक्ष लग्न करणे ह्यात अंतर असते. १९६७ मध्ये नवविवाहितांपैकी ३ टक्के आंतरवंशीय होते, २०१५ मध्ये १७ टक्के. वाढ खरी, पण मताच्या मानाने सावकाश. १९७२ मध्ये ज्यांनी ब्लॅक पँथरच्या नावावरून आपल्या संघटनेला दलित पँथर नाव दिले त्यांच्या वारसांनी हे आकडे जवळ ठेवावेत.

आता एका मजेदार प्रयोगाकडे. १९६६ साली इलेन वॉल्स्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मिनेसोटा विद्यापीठात ७५२ नव्या विद्यार्थ्यांसाठी नृत्याचा कार्यक्रम ठेवला. त्यांना सांगितले, तुमच्या आवडी गणकयंत्रात घालून तुमचा जोडीदार शोधला आहे. प्रत्यक्षात जोड्या चिठ्ठ्या टाकाव्यात तशा लावल्या होत्या. संशोधकांपाशी प्रत्येकाची बुद्धिमत्ता, स्वभाव, गुण ह्यांची मापे होती. ह्या माणसाला पुन्हा भेटावेसे वाटते का, ह्याचे उत्तर त्यांतल्या कशावरूनही सांगता आले नाही. रूप तेवढे उपयोगी पडले. आपला तरुण हे ऐकून खूष होतो. पण रूप म्हणजे काय, ते कोणी ठरवले? जाहिरातीत ‘गोरी, सडपातळ, सुस्वरूप’ असे लिहिणारा देश हा. आपल्या आयाबहिणींचा उन्हात राबून रापलेला रंग कुरूप ठरवणारी नजरही वर्तुळ आखणाऱ्यांचीच आहे.

वॉल्स्टरांच्या प्रयोगाचा खरा धडा पुढे चाळीस वर्षांनी स्पष्ट झाला. ईस्टविक आणि फिंकेल ह्यांनी २००८ मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या १६३ विद्यार्थ्यांवर अभ्यास प्रसिद्ध केला. आधी प्रत्येकाला विचारले, तुम्हाला कसा जोडीदार हवा? मुलांनी रूपाला जास्त महत्त्व दिले, मुलींनी कमाईच्या शक्यतेला. मग त्यांची एकेकाशी चार-चार मिनिटांची भेट घडवली. भेटीनंतर कोण कोणाला आवडले हे पाहिले तर आधी लिहून दिलेल्या अपेक्षांशी त्याचा जवळजवळ संबंध उरला नाही. २०१७ मध्ये सामंथा जोएल ह्यांच्यासह त्यांनीच शंभराहून अधिक गुणवैशिष्ट्यांची माहिती संगणकाला शिकवून पाहिली. कोण एकंदरीत लोकांना आवडतो आणि कोणाला लोक एकंदरीत आवडतात, हे काही अंशी सांगता आले. पण ह्या विशिष्ट माणसाला ती विशिष्ट व्यक्तीच का भावली, हे भेटीपूर्वीच्या माहितीवरून संगणकाला अजिबात सांगता आले नाही.

म्हणजे ‘अपेक्षा’ नावाचा रकाना माणसाच्या मनाविषयी फारच थोडे सांगतो. ज्याला ओढ म्हणतात ती भेटीत जन्मते. आपली विवाहपद्धती नेमकी ह्याच्या उलट चालते. बायोडाटा आधी, भेट नंतर. आणि बायोडाट्यातल्या जातीच्या ओळीवर जो गळला त्याची भेट कधी होतच नाही. पूर्वी हे काम मध्यस्थ करत, मग वर्तमानपत्रांच्या जाहिराती करू लागल्या, आता विवाह जुळवणारी संकेतस्थळे करतात. तेथे तर जातीची खूण केली की बाकीचे लाखो चेहरे पडद्यावर उमटतच नाहीत. मोरलंड आणि बीच ह्यांच्या प्रयोगातल्या पहिल्या तरुणीसारखे ते कायम वर्गाबाहेर राहतात.

ह्या चाळणीची ताकद मोजणारा एक चांगला अभ्यास आपल्याच देशात झाला आहे. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो, मैत्रीश घटक आणि जान लाफोर्च्युन ह्यांनी कोलकात्याच्या आनंदबाजार पत्रिकेत विवाहाची जाहिरात देणाऱ्या कुटुंबांचा मागोवा घेतला. कोणाच्या पत्राला उत्तर द्यावेसे वाटले, कोणाच्या नाही, हे तपासले. २०१३ मध्ये निबंध आला. वधूपक्षाची जातीतच देण्याची ओढ इतकी होती की ती टिकवण्यासाठी अशिक्षित आणि पदव्युत्तर शिक्षण घेतलेला मुलगा ह्यांतला सबंध फरक सोडायची त्यांची तयारी होती. वरपक्षाच्या बाबतीत हीच ओढ ‘अतिसुंदर’ आणि ‘बरी दिसणारी’ ह्यांतल्या फरकाच्या दुप्पट भरली. हे बंगालचे, सुशिक्षित मध्यमवर्गाचे. जात फक्त खेड्यात उरली असे म्हणणाऱ्यांनी हे वाचावे.

ह्या निबंधाचा दुसरा निष्कर्ष मात्र मला अधिक अस्वस्थ करतो. एवढी तीव्र आवड असूनही जातीत लग्न करणाऱ्याला प्रत्यक्षात फारशी किंमत मोजावी लागत नाही. कारण प्रत्येकच जात आपापल्या आतच शोधते, आणि प्रत्येक जातीत शिकलेले, कमावते, देखणे असे सर्व प्रकारचे लोक कमीअधिक सापडतात. पदवीधराला स्वतःच्या जातीतली पदवीधर मिळते. मग बाहेर पाहण्याची गरजच पडत नाही. म्हणजे शिक्षण वाढेल, शहरे वाढतील, पैसा येईल आणि जात आपोआप गळून पडेल, ही जी पुरोगाम्यांची लाडकी आशा, तिच्या मुळावरच हा निष्कर्ष येतो. आर्थिक प्रगती जातीशी भांडत नाही; जातीच्या आत राहूनही ती छान नांदते. २०११-१२ च्या भारतीय मानव विकास सर्वेक्षणात आंतरजातीय विवाहांचे प्रमाण सुमारे ५ टक्केच आढळले, ह्यात मग नवल काय?

हे सगळे वाचताना बाबासाहेबांचा १९१६ चा निबंध पुनःपुन्हा आठवतो. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर ह्यांच्या मानवशास्त्राच्या परिसंवादात तो वाचला गेला, तेव्हा त्यांचे वय पंचवीस. आपण त्या निबंधाला समाजशास्त्राचा म्हणतो, पण मला तो जोडीदार-निवडीच्या मानसशास्त्राचाही पहिला भारतीय निबंध वाटतो. त्यांचे प्रतिपादन असे : जातीचे सार अंतर्विवाहात आहे. गोत्राबाहेर लग्न करण्याच्या जुन्या रिवाजावर जातीतच लग्न करण्याचे बंधन लादले गेले आणि जात तयार झाली. पण कुंपण घातले की आत स्त्री-पुरुषांची संख्या सारखी ठेवावी लागते. नवरा मेला तर बाई ‘जास्तीची’ होते. ती बाहेर लग्न करील, किंवा आतल्या कुमारिकेचा वर घेईल. म्हणून तिला जाळा, नाहीतर सक्तीचे वैधव्य लादा. बायको मेलेला पुरुष जास्तीचा होतो. त्याला संन्यासी करणे परवडत नाही, म्हणून त्याला लहानग्या मुलींतून बायको द्या. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह ह्या तीन रूढींचे मूळ धर्मभावनेत शोधणाऱ्यांना त्यांनी दाखवून दिले की ही कुंपणाची डागडुजी आहे, आणि तिचे गुणगान नंतर रचले गेले.

आणि मग ते खास मानसशास्त्रीय प्रश्न विचारतात : एका वर्गाने दार लावून घेतले, पण बाकीच्यांनी आपापली दारे का लावली? त्यासाठी ते बॅजट आणि टार्ड ह्यांच्या अनुकरणविषयक विचारांचा आधार घेतात. वरच्याचे अनुकरण खालचा करतो, आणि जवळचा लांबच्यापेक्षा जास्त करतो. ज्यांनी अनुकरण केले नाही त्यांनाही दार बंदच सापडले. १९३६ मध्ये लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या, पण होऊ न शकलेल्या भाषणात त्यांनी जात ही मनाची अवस्था आहे असे सांगितले आणि सहभोजनावर न थांबता आंतरजातीय विवाह हाच खरा उपाय म्हणून पुढे ठेवला. आपुलकीची, नातलगपणाची भावना रक्ताच्या मिसळण्याने येते, हा त्यामागचा विचार. वर्तुळाचा प्रश्न विंच ह्यांच्या बेचाळीस वर्षे आधी त्यांनी मांडला, आणि विंच जेथे थांबले त्याच्या पुढे जाऊन ते वर्तुळ कोणी आखले हेही सांगितले. पाठ्यपुस्तकात मात्र विंच आहेत, बाबासाहेब नाहीत.

बाबासाहेबांच्या मांडणीतून आणखी एक गोष्ट निघते. कुंपणाची राखण नेहमी स्त्रीच्या देहावर होते. डेव्हिड बस ह्यांनी १९८९ मध्ये ३३ देशांतील ३७ समाजगटांतल्या दहा हजारांवर लोकांच्या अपेक्षांचा अभ्यास छापला. पुरुष रूप व तारुण्य शोधतात, स्त्रिया कमाई शोधतात, आणि हे उत्क्रांतीतून आले, असे त्यांचे म्हणणे. त्याच अभ्यासात एक अपेक्षा मात्र देशागणिक कमालीची बदलली : लग्नाआधीचे कौमार्य. चीन आणि भारत ह्यांसारख्या देशांत तिला फार वरचे स्थान, उत्तर युरोपात जवळजवळ नाही. १९९९ मध्ये ईगली आणि वुड ह्यांनी बस ह्यांचीच माहिती पुन्हा चाळली आणि दाखवले की जेथे स्त्री-पुरुष समता जास्त, तेथे दोघांच्या अपेक्षांतील काही फरक कमी होतात. विशेषतः स्त्रीला कमावत्या नवऱ्याची वाटणारी निकड. जिला स्वतःचे पोट भरण्याची मुभा आहे ती नवऱ्यात अन्नदाता शोधत नाही.

ह्याला दुजोरा देणारी एक साखळी आहे. १९६७ मध्ये केफार्ट ह्यांनी अमेरिकन विद्यार्थ्यांना विचारले : हवे ते सर्व गुण असलेला जोडीदार मिळाला, पण त्याच्यावर प्रेम नसेल, तर लग्न कराल का? ‘नाही’ म्हणणारे पुरुष सुमारे ६५ टक्के, स्त्रिया फक्त २४ टक्के. प्रेम ही तेव्हा पुरुषांना परवडणारी चैन होती. १९८४ पर्यंत, स्त्रिया नोकऱ्यांत आल्यावर, दोघांतही ‘नाही’ म्हणणारे ८५ टक्क्यांच्या आसपास पोचले. १९९५ मध्ये लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी हाच प्रश्न अकरा देशांत विचारला. ‘हो, करू’ म्हणणारे अमेरिकेत ३.५ टक्के, भारतात ४९ टक्के. हा आकडा काहीजण भारतीय संस्कृतीच्या समंजसपणाचा पुरावा म्हणून वापरतात. मला त्यात केफार्टची १९६७ ची विद्यार्थिनी दिसते, जिच्यापुढे दुसरा मार्ग नाही.

ठरवून केलेल्या लग्नात प्रेम हळूहळू वाढते आणि प्रेमविवाहात ओसरते, हेही आपण नेहमी ऐकतो. त्यामागे गुप्ता आणि सिंग ह्यांचा १९८२ चा जयपूरमधील अभ्यास असतो. एकूण पन्नास जोडपी. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या भारतीयांवर रीगन आणि सहकाऱ्यांनी केलेल्या लहानशा अभ्यासात दोन्ही प्रकारच्या लग्नांत प्रेम, समाधान ह्यांत फरक आढळला नाही. पन्नास जोडप्यांच्या आधारावर अख्ख्या संस्कृतीचा जयघोष करायला धीर लागतो.

आता थोडे आपल्या घरात पाहू. १९५६ च्या धम्मदीक्षेने आपण जात टाकली असे म्हणतो. पण बौद्ध वधू-वर मेळाव्यातल्या अर्जात काय काय विचारतात? विदर्भात सोमवंशी, लाडवन, बावणे ह्यांची चौकशी अजून दबक्या आवाजात होते. देशावरचे कोकणात देताना कुरकुरतात. आणि बौद्ध घरातली मुलगी मातंग किंवा चर्मकार घरात देण्याचा विषय निघाला की व्यासपीठावरचे क्रांतिकारक अचानक ‘तिकडचे वळण वेगळे’ म्हणू लागतात. ‘वळण’ हा शब्द आपण कोणाकडून उचलला? टार्डचा अनुकरणाचा नियम आपल्यालाही सोडत नाही.

शेवटी भीतीविषयी, कारण कार्यकर्त्यांचा संबंध येथेच येतो. मी घरातला पहिला पदवीधर. वसतिगृहावर निघताना आईने पैशांची पुरचुंडी दिली आणि म्हणाली, ‘बाबा, शिकायला चाललास, कुणाच्या पोरीकडं मान वर करून बघू नगंस.’ तिला नीतिमत्तेची काळजी नव्हती, माझ्या जिवाची होती. नजर कुठे टाकायची नाही हे आपल्या मुलांना प्रेमाच्या आधी शिकावे लागते. नागराज मंजुळे ह्यांच्या २०१३ च्या ‘फँड्री’त जब्या लांबूनच पाहतो, ते ह्यामुळे. २०१४ च्या एप्रिलमध्ये तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या खर्डा गावी सतरा वर्षांचा दलित मुलगा सवर्ण मुलीशी संबंध असल्याच्या संशयावरून मारला गेला; २०१७ मध्ये सत्र न्यायालयात आरोपी निर्दोष सुटले. अशा बातमीनंतर पंचक्रोशीतल्या किती मुलांनी माना खाली घातल्या असतील ते कोणत्याही सर्वेक्षणात येत नाही. ते ‘स्वजातीची आवड’ म्हणून मोजले जाते.

आपल्याकडे मात्र एक काव्यमय समज आहे की विरोधाने प्रेम भडकते. त्यालाही संशोधनाचा आधार होता. १९७२ मध्ये ड्रिस्कॉल आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या १४० जोडप्यांच्या अभ्यासातून सांगितले की आईबापांच्या हस्तक्षेपाबरोबर प्रेम वाढते; शेक्सपिअरच्या नाटकावरून ह्याला ‘रोमिओ-ज्युलिएट परिणाम’ असे नावही पडले. २०१४ मध्ये सिंक्लेअर, हुड आणि राइट ह्यांनी तोच अभ्यास पुन्हा करून पाहिला. परिणाम आढळला नाही. उलट हस्तक्षेप जास्त तेथे प्रेम, विश्वास, बांधिलकी कमी. मित्र आणि घरची माणसे ज्या नात्यामागे उभी राहतात ते नाते टिकते.

आंतरजातीय लग्न लावून, फोटो काढून, पुढच्या सभेला निघून जाणाऱ्या कार्यकर्त्याने हे ध्यानात घ्यावे. खरे काम फोटोनंतरचे. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचे तर तीस दिवसांची नोटीस लागते, आणि ती नोटीस गावात पोचायला तीस मिनिटे पुरतात. सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१८ च्या शक्तिवाहिनी निकालात प्रत्येक जिल्ह्यात विशेष कक्ष, चोवीस तास चालणारी मदतीची सोय, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी सुरक्षित निवारा उभारण्याचा विचार करावा असे सांगितले. निवाऱ्यात जोडप्याला आधी महिनाभर आणि गरजेप्रमाणे वाढवत जास्तीत जास्त एक वर्ष राहता यावे, असेही. आपल्या जिल्ह्यात तो कक्ष कोणत्या इमारतीत आहे, दूरध्वनी कोण उचलतो, निवाऱ्याच्या खोलीची किल्ली कोणाकडे असते, हे प्रत्येक तालुक्यातल्या दोघातिघांनी जाऊन पाहून यावे आणि लिहून ठेवावे. वर्ष संपल्यावर त्या दोघांना भाड्याची खोली लागेल. घरमालक आधी आडनाव विचारील. तेव्हा बरोबर कोण जाणार, हेही आत्ताच ठरवता येईल.